समदुःखी हेच शिक्षक

मनुष्याचे आयुर्मान वाढले ही विसाव्या शतकाची मोठी कमाई होय. पटकी, प्लेग आणि देवी या रोगांनी एकेकाळी आपल्याकडील गावेच्या गावे ओस पाडली होती. त्या साथी ओसरल्या, माणसे साठी-सत्तरी ओलांडू लागली, आणि मग निराळ्याच आजारांशी त्यांची गाठ पडली. संधिवात, मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार हे ते आजार. ते झटकन मारीत नाहीत आणि सोडूनही जात नाहीत. एकदा घरात आले की घरच्या माणसासारखे कायमचे राहतात.

या बदलाने वैद्य आणि रोगी यांचे नातेही बदलले. साथीच्या रोगात लढाई वैद्याची असे. रोगी अंथरुणावर पडून राही आणि एक तर बरा होई, नाही तर जाई. जुनाट आजाराचे तसे नाही. डॉक्टरांची भेट महिन्यातून एकदा, तीही दहा-पंधरा मिनिटांची. उरलेला सारा वेळ वृद्ध माणूस आणि त्याचे दुखणे एकमेकांसमोर बसून असतात. सकाळी आखडलेला गुडघा घेऊन उठावे कसे, जिना चढावा की टाळावा, रात्री झोप नाही तर काय करावे, सुनेला आपले दुखणे सांगावे की गिळावे, हे सारे निर्णय त्याचे त्यालाच घ्यावे लागतात. ते घेण्याचे शिक्षण त्याला कोणी द्यायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या ऐंशी वर्षांत हळूहळू आकाराला आले. त्याचाच इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. वृद्धांना आरोग्याचे धडे वृद्धांनीच द्यावेत, आणि ते इस्पितळाच्या खोलीत नव्हे तर चार माणसे सहज जमतात अशा सार्वजनिक ठिकाणी द्यावेत, असे हे उत्तर आहे. ही कहाणी बव्हंशी अमेरिकेत घडली. वृद्धांनी वृद्धांना शहाणे करण्याची रीत जगात सर्वत्र जुनीच आहे. पण तिची शास्त्रशुद्ध परीक्षा घेऊन, मोजमाप करून निष्कर्ष लिहून ठेवण्याचे काम तेथे झाले. म्हणून तेथूनच प्रारंभ करणे सोयीचे.

कचेरीत रेंगाळणारे म्हातारे

अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि वृद्धांच्या निर्वाहवेतनाचा पाया घातला गेला. पोटाची थोडीफार सोय झाली, परंतु पोटाखेरीजही माणसाला काही हवे असते, हे न्यूयॉर्क शहराच्या कल्याण खात्यातील कर्मचाऱ्यांच्या ध्यानात एका साध्या गोष्टीवरून आले. काही वृद्ध मंडळी खात्याच्या कचेरीत वारंवार येत. काम किरकोळ असे, कधी कधी ते निव्वळ निमित्तच असे. मग ती तेथेच रेंगाळत आणि कर्मचाऱ्यांशी बोलत बसत. त्यांना मदतीचा अर्ज भरायचा नव्हता. त्यांना बोलायला माणूस हवे होते.

यातूनच १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात वृद्धांसाठी एक केंद्र उघडण्यात आले. कल्याण खात्याचे आयुक्त विल्यम हॉडसन यांचा त्याच वर्षाच्या आरंभी, युद्धकाळातील मदतकार्यासाठी उत्तर आफ्रिकेकडे जात असताना विमान अपघातात मृत्यू झाला होता. केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या केंद्रांची परंपरा या केंद्रापासून मोजली जाते. १९४७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे असेच केंद्र निघाले. पुढे १९६५ च्या जुलै महिन्यात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांविषयीच्या स्वतंत्र कायद्यावर सही केली, आणि १९७२ साली एकत्र बसून गरम जेवण घेण्याच्या योजनेला कायद्याने मान्यता मिळाली. पाहता पाहता गावोगावी अशी केंद्रे उभी राहिली.

या केंद्रांनी एक मोठी गोष्ट साधली. त्यांनी वृद्धांना एकत्र आणले. मात्र आरोग्याच्या बाबतीत रीत जुनीच राहिली. परिचारिका येई, रक्तदाब मोजी. डॉक्टर येत, व्याख्यान देत. मंडळी टाळ्या वाजवून घरी जात. ज्ञान वरून खाली येत असे आणि वृद्ध माणूस खाली बसून ते घेत असे. त्याच्यापाशीही काही देण्याजोगे असेल हा विचार पुढे यायचा होता.

संधिवाताचा वर्ग

तो विचार पुढे आला कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात, १९७० च्या दशकाच्या अखेरीस. तेथील सांधेदुखीचे नामांकित तज्ज्ञ डॉ. हॉलस्टेड होल्मन यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. जुनाट आजारात रोगी हा उपचाराचा निव्वळ विषय राहू शकत नाही, त्याला भागीदार व्हावे लागते, हे त्यांनी जाणले होते. केट लोरिग या परिचारिका त्या वेळी सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेटचा अभ्यास करीत होत्या. त्या दोघांच्या सहकार्यातून संधिवाताच्या रोग्यांसाठी एक छोटा वर्ग आकाराला आला.

वर्गाची रचना साधी होती. आठवड्यातून एकदा, दोन तास, असे सहा आठवडे. एका वर्गात दहा-पंधरा माणसे. व्यायाम, शरीर सैल सोडण्याची रीत, वेदनेशी जुळवून घेण्याच्या युक्त्या, डॉक्टरांशी नीट बोलण्याची सवय असे विषय. ठिकाण म्हणजे गावातील ज्येष्ठांचे केंद्र, ग्रंथालय किंवा चर्चचे सभागृह. पण खरी नवलाई शिकविणाऱ्यांत होती. ते डॉक्टर नव्हते, परिचारिका नव्हत्या. थोडे प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसेच ती, आणि त्यांतील अनेकांचे स्वतःचे सांधे दुखत होते. त्यांच्या हाती एक तपशीलवार पुस्तिका दिलेली असे. कोणत्या आठवड्यात काय बोलायचे हे तीत लिहिलेले असे, त्यामुळे स्वतःच्या कल्पनेने भलतेसलते औषध सांगण्याला वाव राहत नसे.

वैद्यकीय जगात या प्रकाराविषयी शंका निघणे स्वाभाविक होते. जे शिकलेले नाहीत ते शिकविणार कसे? लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाद घालण्याऐवजी तुलना केली. काही वर्ग व्यावसायिक तज्ज्ञांनी घेतले, काही सामान्य शिक्षकांनी. १९८६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मनन करण्यासारखा आहे. तज्ज्ञांच्या वर्गातील लोकांचे संधिवाताविषयीचे ज्ञान अधिक वाढले होते. सामान्य शिक्षकांच्या वर्गातील लोक मात्र शरीर सैल सोडण्याचा सराव अधिक करू लागले होते, आणि त्यांचे परावलंबन कमी होण्याकडे कल दिसत होता. एकाने माहिती अधिक दिली, दुसऱ्याने कृतीला अधिक चालना दिली. सामान्य माणसाच्या हाती दिलेला वर्ग हिणकस ठरेल ही भीती खोटी ठरली.

एक कोडे आणि त्याची उकल

यानंतर संशोधकांपुढे एक कोडे उभे राहिले. वर्गाला आलेल्या लोकांच्या वेदना कमी होत होत्या हे दिसत होते. त्याचे कारण उघडच वाटले: ते व्यायाम करू लागले, शरीर सैल सोडू लागले, म्हणून दुखणे कमी झाले. पण आकडे नीट तपासले तेव्हा हा हिशेब जुळेना. ज्यांनी व्यायाम अधिक केला त्यांचेच दुखणे अधिक कमी झाले, असे काही ठामपणे दिसेना. १९८९ साली लोरिग आणि होल्मन यांनी स्पष्टच लिहिले की, या वर्गाचे लाभ नुसत्या वर्तनबदलाने पुरेसे उलगडत नाहीत.

मग उलगडा कशाने व्हावा? वर्गाला आलेल्यांशी बोलल्यावर एक फरक ध्यानात आला. ज्यांना बरे वाटले होते त्यांची भाषा, आपल्या दुखण्यावर आपला काही ताबा आहे, अशी होती. ज्यांना बरे वाटले नव्हते ते म्हणत, आता काही होण्यासारखे नाही. येथे स्टॅनफर्डमधीलच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा विचार उपयोगी पडला. अमुक एक काम मला जमेल असा जो माणसाचा स्वतःविषयी विश्वास असतो, तोच त्याच्या प्रयत्नांना बळ देतो किंवा ते खच्ची करतो, असा सिद्धांत बांडुरा यांनी १९७७ साली मांडला होता. त्याला आपण आत्मसामर्थ्याचा विश्वास म्हणू.

हा विश्वास कोठून येतो, याचे बांडुरा यांनी चार उगम सांगितले. पहिला, स्वतः एखादे छोटे काम यशस्वी करून पाहणे. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहणे. तिसरा, आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याने दिलेला धीर. आणि चौथा, शरीराच्या संवेदनांचा योग्य अर्थ लावता येणे. थोडे चालल्यावर आलेला थकवा म्हणजे मरण जवळ आल्याची खूण नव्हे, हे समजणे.

यांतील दुसऱ्या उगमाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. 'आपल्यासारख्याच' हा शब्द त्यात कळीचा आहे. पस्तीस वर्षांचा धडधाकट डॉक्टर म्हणतो, 'आजी, रोज अर्धा तास चाला.' आजी मान हलवितात, पण मनात म्हणतात, 'तुला काय जाते बोलायला! तुझे गुडघे कुठे दुखतात?' तेच वाक्य शेजारच्या आळीतील बहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघ्यांनी अधू असलेली बाई म्हणाली की त्याचा अर्थ पालटतो. तिचे चालणे हाच पुरावा असतो. 'ही चालते, तर मीही चालेन.' तज्ज्ञाचे ज्ञान कितीही खरे असले तरी हा पुरावा त्याच्यापाशी नसतो. सामान्य शिक्षकांच्या वर्गाचे यश अपघाताने आलेले नव्हते. ते समदुःखी असल्यामुळेच आले होते.

चार वर्षांनंतर वर्गाच्या जुन्या विद्यार्थ्यांची पुन्हा पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. वेदना सरासरी २० टक्क्यांनी उतरली होती आणि डॉक्टरांकडील फेऱ्या ४० टक्क्यांनी. शारीरिक अपंगत्व मात्र याच काळात ९ टक्क्यांनी वाढले होते. हे तीन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. वय आपले काम करीतच होते. सांधे झिजतच होते. कोणताही चमत्कार झाला नव्हता. तरी झिजलेल्या सांध्यांनिशी ती माणसे आधीपेक्षा कमी वेदनेत आणि कमी भयात जगत होती. वार्धक्यात आरोग्य म्हणजे काय, या प्रश्नाला आम्हांला तरी याहून प्रामाणिक उत्तर ठाऊक नाही.

आठवड्याचा संकल्प

संधिवातासाठी रचलेला वर्ग पुढे सर्वच जुनाट आजारांसाठी वापरता येईल का, असा प्रश्न आला. वृद्ध माणसाला एकच आजार क्वचित असतो. मधुमेहाबरोबर रक्तदाब येतो आणि त्यांच्या मागून गुडघेदुखी. शिवाय आजार वेगळे असले तरी थकवा, वेदना, निराशा, झोपेची वाण आणि एकटेपणा ही दुःखे सर्वांची सारखीच. म्हणून १९९० च्या दशकात निरनिराळ्या आजारांची माणसे एकाच वर्गात बसविण्यात आली. अडीच तासांच्या सहा बैठका आणि दोन शिक्षक, त्यांपैकी निदान एक स्वतः जुनाट आजार असलेला, असा नेम ठरला.

या वर्गाचा गाभा म्हणजे आठवड्याचा संकल्प. प्रत्येकाने पुढल्या आठवड्यात काय करणार ते सर्वांसमक्ष सांगायचे. पण 'मी व्यायाम करीन' असे मोघम बोलून भागत नाही. काय करणार, किती करणार, केव्हा करणार, आठवड्यातून किती दिवस करणार, हे चारही सांगावे लागते: 'मी सकाळच्या चहानंतर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाईन, आठवड्यातून तीन दिवस.' आणि मग शेवटचा प्रश्न: हे जमेल याची तुला शून्य ते दहा यांत किती खात्री वाटते? सातच्या खाली उत्तर आले की संकल्प लहान करायचा. दुकान दूर वाटत असेल तर फाटकापर्यंत. तीन दिवस अवघड असतील तर दोन.

यामागील शहाणपण पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे संकल्प जितका मोठा तितका थोर मानला जातो, आणि तो मोडल्यावर माणूस पहिल्यापेक्षा अधिक खचतो. येथे संकल्प मुद्दाम एवढा लहान ठेवला जातो की तो बहुधा पार पडावा, कारण पार पडलेल्या लहान कामातूनच 'मला जमते' हा विश्वास जन्मतो. पुढच्या आठवड्यात प्रत्येक जण आपला अहवाल देतो. कोणाचे जमले नसेल तर शिक्षक स्वतः तोडगा सांगत नाही. तो आधी मंडळींना विचारतो, 'यावर कोणाला काही सुचते का?' आणि सुचते. साठ-सत्तर वर्षे जगलेल्या बारा माणसांपाशी अनुभवाचा केवढा साठा असतो! तो कोणी कधी मागितलेला नसतो, एवढेच.

या वर्गाची परीक्षाही काटेकोर झाली. हृदयविकार, फुप्फुसाचे विकार, पक्षाघात अथवा संधिवात असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या ९५२ रोग्यांवर केलेल्या तुलनात्मक अभ्यासाचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर वर्गाला गेलेले लोक व्यायाम अधिक करीत होते, डॉक्टरांशी अधिक मोकळेपणाने बोलत होते, त्यांचा थकवा कमी होता, आणि इस्पितळात काढावे लागलेले त्यांचे दिवसही कमी होते. त्यानंतर हा वर्ग अनेक देशांत आणि अनेक भाषांत गेला.

पडण्याचे भय

याच विचाराचे दुसरे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही, कारण त्याचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात आहे. म्हातारे माणूस एकदा न्हाणीघरात घसरते. हाड मोडत नाही, पण मन मोडते. मग ते बाहेर जाणे टाळते, जिना टाळते, अंगणसुद्धा टाळते. घरचेही म्हणतात, 'बसून राहा, उगीच पडाल.' बसून राहिल्याने पायांचे बळ जाते, तोल जातो, आणि ज्या पडण्याच्या भयाने ते बसले तेच पडणे जवळ येते. भयाने रचलेला हा सापळाच होय.

बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात या भयावर उपाय म्हणून प्रत्येकी दोन तासांच्या आठ बैठकांचा एक वर्ग रचला. त्याच्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. आरंभी हे वर्ग व्यावसायिक मंडळी घेत. पुढे मेन राज्यातील एका आरोग्यसंस्थेने तेच वर्ग स्वयंसेवकांकडे सोपविले, आणि या स्वयंसेवकांत स्वतः वृद्ध असलेलेच पुष्कळ होते. एका बैठकीस शारीरिक उपचारतज्ज्ञ येऊन पडल्यावर उठावे कसे वगैरे दाखवितो. बाकीचे सारे काम स्वयंसेवक करतात. घरातील निसरडी जागा, सैल गालिचा, अंधारा जिना यांची यादी करणे, बसल्या बसल्या करण्याचे व्यायाम शिकणे आणि मुख्य म्हणजे आपले भय चारचौघांत बोलून दाखविणे. भय बोलून दाखविले की ते अर्धे होते, हे तर आपल्या आजीलाही ठाऊक होते.

सरकारने हिशेब मांडला तेव्हा

ही कथा येथेच संपविली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. २००१ साली इंग्लंडच्या आरोग्य खात्याने 'तज्ज्ञ रोगी' या कल्पनेवर एक अहवाल काढला आणि पुढल्या वर्षापासून स्टॅनफर्डच्याच धर्तीचे वर्ग देशभर सुरू केले. कल्पना उदात्त होती, पण तिच्या पोटात एक हिशेबही होता: रोगी स्वतःला सांभाळू लागला की इस्पितळांवरील भार आणि सरकारचा खर्च घटेल.

६२९ रोग्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली आले. वर्गाला गेलेल्यांचा आत्मविश्वास वाढला होता, अंगातील उत्साहही वाढला होता. मात्र आरोग्यसेवेचा त्यांचा वापर काही घटला नव्हता. ज्यांनी पैशाची बचत मोजण्यासाठीच ही योजना उचलली होती त्यांची निराशा झाली. आणखीही आक्षेप निघाले. अशा वर्गांना येतात ते बहुधा आधीच थोडे शिकलेले, थोडे धीट लोक. ज्याला सर्वांत अधिक गरज, तो दाराबाहेरच राहतो. आणि 'तुझे आरोग्य तुझ्या हाती' हे वाक्य धीर म्हणून उच्चारले तर औषध असते, पण जबाबदारी झटकण्यासाठी उच्चारले तर तोच रोग्याला दिलेला दोष होतो.

हे आक्षेप आम्हांला मोलाचे वाटतात. समदुःख्यांचा वर्ग हा डॉक्टरला पर्याय नव्हे, इस्पितळाला तर नव्हेच. ज्या गावात साखर तपासण्याची सोय नाही तेथे मधुमेह्यांनी एकमेकांना कितीही धीर दिला तरी तो अपुराच पडणार. वृद्धांनी वृद्धांना शिकवावे ते त्यांचे जीवन अधिक सुसह्य व्हावे म्हणून. सरकारी खजिन्याची गळती थांबावी म्हणून नव्हे. हेतू बदलला की तेच काम निराळे होते.

आपल्या अंगणात

बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला शिकवावे, ही गोष्ट आपल्या भूमीला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे (आज या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे) काम सुरू केले, तेव्हा आरोग्यशिक्षणासाठी त्यांनी प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत धाडल्या होत्या. त्या खेडुतांना परक्या वाटल्या. मग गावातीलच बायका निवडण्यात आल्या. त्यांतील अनेक जणींना अक्षरओळख नव्हती, कित्येक जणी अस्पृश्य गणलेल्या समाजातील होत्या. या बायकांनी आरोग्याची जी क्रांती घडविली ती पाहण्यास पुढे जगभरातून लोक आले. तेथे विषय बाळंतपणाचा आणि बालकांचा होता, वार्धक्याचा नव्हे. परंतु स्टॅनफर्डच्या तुलनेतून १९८६ साली जे दिसले त्याची प्रचीती जामखेडच्या बायकांनी आधीच आणून दिली होती.

वृद्धांच्या बाबतीतही एक उदाहरण आपल्याकडचेच आहे. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या अंधेरी भागातील एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या चार-पाच माणसांनिशी हास्यमंडळ सुरू केले. प्रारंभी विनोद सांगून हसण्याचा परिपाठ होता. थोड्याच दिवसांत विनोदांचा साठा संपला, तेव्हा विनोदावाचूनच हसण्याची रीत निघाली. आज गावोगावच्या बागांत पहाटे हात वर करून हसणाऱ्या मंडळींत निवृत्तांचा भरणा मोठा असतो, आणि त्यांना हसविणारा पुढारीही त्यांच्यातलाच एक असतो. कोणी या हसण्याला हसो. पण पहाटे उठून, चालत बागेत येऊन, दहा ओळखीचे चेहरे पाहून परतणारा म्हातारा घरी बसलेल्यापेक्षा सुखी असतो, एवढे तरी मान्य करावे लागेल.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती, आणि ती वाढतीच आहे. मुले शिकली, शहरात गेली, परदेशी गेली. मोठ्या घरांत दोनच म्हातारी माणसे उरली, कित्येक घरांत तर एकच. आपल्या नगरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, धर्मग्रामांना सभागृहे आहेत, पंचायतींची समाजमंदिरे आहेत. तेथे वाढदिवस साजरे होतात, पंचाहत्तरी गाठलेल्यांना शाल-श्रीफळ मिळते, सहली निघतात, अधूनमधून डॉक्टरांचे व्याख्यान होते. हे सर्व चांगलेच आहे. पण शालीची ऊब एका संध्याकाळची. न्यूयॉर्कच्या त्या कचेरीत रेंगाळणाऱ्या वृद्धांना जे हवे होते ते सत्काराने मिळत नाही. ते दर आठवड्याला आपली वाट पाहणाऱ्या बारा माणसांकडून मिळते.

त्यासाठी लागते तरी काय? एक खोली, बारा खुर्च्या, आठवड्यातील एक ठरलेली वेळ. दोन माणसे, स्वतः आजारी पण आजारापुढे न हरलेली, आणि त्यांना थोडे शिकविणारा एक डॉक्टर अथवा परिचारिका. एक नियम मात्र वज्रलेप असावा: कोणी कोणाला औषध सांगू नये. आपल्याकडे प्रेमापोटी स्वतःच्या गोळ्या शेजाऱ्याला देण्याची फार खोड आहे, आणि ती जिवावर बेतू शकते. औषध डॉक्टरांनी सांगावे. ते घेऊन जगावे कसे, हे एकमेकांना सांगावे.

या साऱ्या इतिहासाचा विचार करताना आम्हांला असे जाणवते की, यात पणाला लागलेली गोष्ट गुडघेदुखीहून मोठी आहे. वृद्ध माणसाला आपण काय समजतो, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक समाज वृद्धांना घेणारे समजतात: निर्वाहवेतन घेणारे, सेवा घेणारे, वेळ घेणारे. चांगले समाज त्यांना प्रेमाने देतात, वाईट समाज कुरकुरत देतात, परंतु दोघांच्याही लेखी म्हातारा हा घेणाराच. स्टॅनफर्डच्या वर्गाने, मेनच्या स्वयंसेवकांनी, अंधेरीच्या बागेतील मंडळींनी या समजुतीला छेद दिला. आखडलेल्या बोटांची एक बाई दुसऱ्या तसल्याच बाईला दाखविते की बटण असे लावावे. त्या क्षणी तिचे दुखणेच तिचे ज्ञान झालेले असते, आणि तिच्यावाचून ते दुसऱ्या कोणाला देता येणारे नसते.

आपल्या सभागृहांच्या किल्ल्या आपल्याच हाती आहेत. आठवड्यातून एक दुपार ती वृद्धांसाठी उघडावीत, आणि शिकविण्याची खुर्चीही त्यांच्यातीलच कोणाला द्यावी.